पेनड्राइव्हवरील खासगी फायली सुरक्षित कशा ठेवाव्यात?

चौकस

नमस्कार.

घरातील सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती, वैद्यकीय अहवाल, करासंबंधीची कागदपत्रे आणि बँकेची विवरणपत्रे एकाच ठिकाणी असावीत, म्हणून ती ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर ठेवण्याचा माझा विचार आहे. त्यातील काही फायली त्यावर आधीपासूनच आहेत. हा ड्राइव्ह मुख्यतः घरच्या लॅपटॉपला लावला जाईल. परंतु कधी कार्यालयातील संगणकाला, तर कधी छपाईसाठी बाहेरच्या संगणकालाही तो लावावा लागतो. तो कुठे पडला किंवा कोणी उचलून नेला, तर त्यातील एकही फाइल परक्या माणसाला वाचता येऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मला आतापर्यंत तीन मार्ग सुचवण्यात आले आहेत: फोल्डर 'हिडन' करणे, फोल्डरला कुलूप लावणारा एखादा मोफत प्रोग्राम वापरणे, किंवा सर्व फायलींची पासवर्ड असलेली झिप फाइल करणे. यांपैकी खरे संरक्षण कशाने मिळते, आणि यांहून चांगला मार्ग आहे का? घरच्या लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती आहे, आणि कार्यालयातील संगणकावर कोणताही प्रोग्राम इन्स्टॉल करण्याची मला मुभा नाही, या दोन गोष्टी लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

कडीकुलूप

चौकस, आपण सांगितलेल्या मार्गांपैकी पहिला संरक्षण म्हणून गणताच येणार नाही. फोल्डर 'हिडन' केला, म्हणजे त्याच्या नोंदीतील केवळ एक खूण बदलते. फायलींतील मजकूर जसाच्या तसा राहतो आणि लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडताच सर्व काही समोर येते. फोल्डरला कुलूप लावणाऱ्या अनेक मोफत प्रोग्रामांचीही गत याहून फारशी वेगळी नसते. ते विंडोजपुरती वाट अडवतात, पण तोच ड्राइव्ह लिनक्स चालू असलेल्या संगणकाला लावला, की फायली नेहमीसारख्या उघडतात. ज्या प्रोग्रामच्या माहितीत एन्क्रिप्शनची, म्हणजे पासवर्डाविना वाचता येऊ नये असा मजकूर बदलून ठेवण्याची, कोणती पद्धत वापरली आहे हे स्पष्ट लिहिलेले नसेल, त्याच्या हाती अशी कागदपत्रे सोपवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

झिपचा मार्ग मात्र सरसकट टाकाऊ नाही. झिपक्रिप्टो नावाची जुनी पद्धत कमकुवत आहे. तिच्यावरील हल्ल्याचे संशोधन १९९४ सालीच प्रसिद्ध झाले असून, आतील एखाद्या फाइलचा थोडासा मूळ मजकूर ठाऊक असला तर पासवर्ड न कळताही बाकीचे उलगडता येते. याउलट सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये सेव्हन-झेड हा प्रकार निवडल्यास एईएस-२५६ ही आजही भक्कम मानली जाणारी पद्धत वापरली जाते. त्याच खिडकीत फायलींची नावेही एन्क्रिप्ट करण्यासाठी एक चौकट असते आणि तिच्यात खूण करणे आवश्यक आहे. एरवी फाइल उघडत नसली, तरी कोणत्या व्यक्तीच्या कोणत्या तपासणीचा अहवाल आत आहे हे नावांच्या यादीवरूनच कोणालाही वाचता येते, आणि पुष्कळदा गुपित तेवढ्यानेच फुटते. या मार्गाची खरी अडचण रोजच्या वापरात जाणवते, कारण आतील फाइल पाहण्यासाठी उघडली, की तिची उघडी प्रत आधी त्या संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते. ती एरवी पुसली जाते, पण प्रोग्राम मध्येच बंद पडला तर तशीच राहू शकते.

म्हणून घरच्या वापरासाठी मी व्हेराक्रिप्ट हा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम सुचवेन. तो मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि २०१४ च्या मे महिन्यात ज्याचा विकास थांबला त्या ट्रूक्रिप्टच्या पायावर तो उभा आहे. त्यात दोन प्रकारे काम करता येते. पहिल्या प्रकारात संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट होतो. दुसऱ्यात ड्राइव्हवर ठरावीक आकाराची एक कंटेनर फाइल तयार होते, जी पासवर्ड दिल्यावर स्वतंत्र ड्राइव्हसारखी उघडते आणि बंद केल्यावर निरर्थक बाइटांचा ढीग म्हणून पडून राहते. आपल्यासाठी दुसरा प्रकार योग्य ठरेल, आणि त्याचे कारण तांत्रिक कमी, व्यावहारिक अधिक आहे. संपूर्ण एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह लावला, की विंडोजला त्यावर ओळखीची कोणतीच फाइल प्रणाली सापडत नाही आणि वापरण्यापूर्वी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल अशी सूचना पडद्यावर येते. घरातील दुसऱ्या कोणी सद्हेतूने तिथे होकार दिला, तर सर्व कागदपत्रे गेली असे समजावे. कंटेनर फाइल चुकून पुसली जाऊ शकते हे खरे आहे. परंतु तिला ओळखू येईल असे नाव देता येते, आणि शेजारी उरलेल्या मोकळ्या जागेत साध्या फायलीही ठेवता येतात. ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एका फाइलचा आकार ४ जीबीच्या आतच राहतो, त्यामुळे मोठ्या कंटेनरसाठी आधी तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावा.

आपल्या प्रश्नातील एका वाक्याकडे मात्र विशेष लक्ष वेधतो. काही फायली त्या ड्राइव्हवर उघड्या स्वरूपात आधीपासून आहेत, असे आपण लिहिले आहे. त्या कंटेनरमध्ये हलवून मूळ प्रती डिलीट केल्या, म्हणजे त्या नाहीशा झाल्या असे होत नाही. डिलीट केल्याने फक्त ती जागा मोकळी असल्याची नोंद होते. हटवलेल्या फायली परत मिळवून देणारे मोफत प्रोग्राम तो मजकूर वर काढू शकतात. क्विक फॉरमॅट केले तरी फारसा फरक पडत नाही. चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरे काही लिहून मजकूर पुसता येत असे. पेनड्राइव्हमधील फ्लॅश चिपचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहिता येत असल्याने आतील कंट्रोलर नवे लेखन दुसऱ्याच भागावर वळवू शकतो, आणि त्यामुळे जुना मजकूर मूळ भागात तसाच उरू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली अशाच फ्लॅश चिपच्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हवर प्रयोग केले, तेव्हा एखादी विशिष्ट फाइल खात्रीने पुसण्यासाठी प्रचलित असलेल्या सॉफ्टवेअरच्या पद्धती तिथे अपुऱ्या पडल्या, आणि एका युएसबी ड्राइव्हवरही असेच आढळले. म्हणून या कामासाठी नवा ड्राइव्ह घ्यावा, त्यावर पहिली फाइल जाण्यापूर्वीच कंटेनर तयार करावा, आणि जुना ड्राइव्ह कोणालाही देऊ नये.

पडताळणी

कडीकुलूप यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु चौकस यांच्या कार्यालयातील संगणकावर व्हेराक्रिप्ट चालणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तो इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवण्याची सोय आहे. तरीही विंडोजवर त्याचा ड्रायव्हर सुरू होण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि नेमके तेच त्यांच्याकडे नाहीत. जिथे असे अधिकार नाहीत, तिथे पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करण्याची विंडोजमध्येच असलेली सोय, बिटलॉकर टू गो, उपयोगी पडते. ते विंडोज ७ पासून उपलब्ध आहे आणि सामान्य वापरकर्त्यालाही केवळ पासवर्ड देऊन ड्राइव्ह उघडता येतो, अर्थात कार्यालयाने तशी बंदी घातलेली नसेल तर.

होम आवृत्तीवर बिटलॉकरचा ड्राइव्ह उघडता येतो, पण तयार करता येत नाही. त्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती असलेला संगणक एकदाच लागेल. हे काम कार्यालयातील संगणकावर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिथल्या व्यवस्थेत रिकव्हरी की, म्हणजे पासवर्डाऐवजी ड्राइव्ह उघडणारा अंक, आपोआप संस्थेकडे जमा होण्याची तरतूद असू शकते. विश्वासातल्या कोणाच्या तरी संगणकावर ते करावे. त्या वेळी विंडोज दोन प्रश्न विचारते. फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करावी की संपूर्ण ड्राइव्ह, या प्रश्नाला नव्या ड्राइव्हसाठी पहिले उत्तर चालेल. वापरलेल्या ड्राइव्हसाठी मात्र वेळ कितीही लागला तरी दुसरेच निवडावे, अन्यथा डिलीट केलेल्या जुन्या फायलींचा मजकूर मोकळ्या जागेत उघडाच राहील. एन्क्रिप्शनची नवी पद्धत हवी की सुसंगत, या प्रश्नाला सुसंगत हे उत्तर द्यावे, कारण हा ड्राइव्ह वेगवेगळ्या संगणकांना लागणार आहे. शेवटी मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून घरी ठेवावी.

आता याहून महत्त्वाचा मुद्दा. एन्क्रिप्शन बंद ड्राइव्हचे रक्षण करते, उघडलेल्या ड्राइव्हचे नाही. आपण पासवर्ड दिला, की त्या क्षणापासून ड्राइव्ह काढेपर्यंत त्या संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्राम आपल्याइतक्याच सहजतेने त्या फायली वाचू शकतो, आणि कळांची नोंद करणारा प्रोग्राम तिथे दडलेला असेल तर पासवर्डही त्याच्या हाती लागतो. तसे कोणी मुद्दाम केलेले नसले, तरी अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी, चित्रांच्या छोट्या प्रती आणि छपाईसाठी तयार झालेल्या तात्पुरत्या फायली तिथे मागे राहू शकतात. त्यामुळे छपाईच्या ठिकाणी हा ड्राइव्ह नेऊच नये. हवी तेवढीच एक फाइल एखाद्या साध्या, रिकाम्या ड्राइव्हवर घेऊन जावी, आणि ती फाइल त्या दिवसापुरती उघड झाली असे मनाशी धरूनच कोणती फाइल न्यायची ते ठरवावे. असा बाहेर फिरून आलेला ड्राइव्ह घरच्या लॅपटॉपला लावण्यापूर्वी तपासून घ्यावा. त्यावर आपण न ठेवलेली एखादी फाइल दिसली, तर ती उघडू नये.

चौकस

दोघांचेही मनापासून आभार. छपाईसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवण्याची सूचना मला पूर्ण पटली. कार्यालयात ही कागदपत्रे उघडण्याची गरज खरोखर किती आहे, याचाही विचार केला. ती जवळजवळ नाही, हे लिहून काढल्यावर लक्षात आले. त्यामुळे नवा ड्राइव्ह घेऊन त्यावर व्हेराक्रिप्टचा कंटेनर करावा आणि तो फक्त घरीच उघडावा, असे ठरवत आहे.

दोन शंका उरतात. पासवर्ड कसा निवडावा? तो देवनागरीत ठेवला तर परक्या माणसाला ओळखणे अधिक कठीण जाईल का? शिवाय बाजारात अंकांच्या कळा असलेले, स्वतःच एन्क्रिप्शन करणारे पेनड्राइव्ह मिळतात. ते घेणे अधिक सोयीचे ठरेल का?

संग्राहक

मी कौटुंबिक कागदपत्रांच्या संग्रहाचे काम बरीच वर्षे करत आहे, म्हणून या शंकांबरोबरच अद्याप चर्चेत न आलेला एक विषयही मांडतो.

देवनागरी पासवर्ड मी टाळेन. पासवर्ड लिहिताना अक्षरे ठिपक्यांच्या रूपात दिसतात, त्यामुळे जोडाक्षर कसे उमटले हे डोळ्यांनी तपासता येत नाही. 'ऱ्या' सारखे अक्षर वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या संकेतांनी तयार होऊ शकते, काही ठिकाणी मध्ये एक न दिसणारे जोडचिन्हही येते. आपल्याला शब्द तोच दिसतो, संगणकाला मात्र तो वेगळा असतो. रोमन लिपीत, एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द चिठ्ठ्या टाकून किंवा फासे टाकून निवडावेत. फाशांच्या प्रचलित पद्धतीत ७,७७६ शब्दांची यादी असते, पाच फाशांच्या एका दानाने एक शब्द ठरतो, आणि असे सहा शब्द झाले की संभाव्य जोड्यांची संख्या २ च्या ७७ व्या घाताच्या घरात जाते. आवडत्या कवितेची ओळ किंवा मुलांची नावे आणि जन्मतारखा यांचा या बाबतीत उपयोग नाही, कारण मनुष्य जे मनाने निवडतो ते दुसऱ्याच्याही मनात येऊ शकते. व्हेराक्रिप्टच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पासवर्डवर पाच लाख वेळा प्रक्रिया होते, त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याचा वेग मंदावतो. पण दुबळ्या पासवर्डला ती प्रक्रियाही तारू शकत नाही.

कळा असलेले ड्राइव्ह सोयीचे आहेत यात शंका नाही, कारण त्यांना संगणकावर कोणताही प्रोग्राम लागत नाही. मात्र आतील रचना आपल्याला तपासता येत नाही आणि प्रमाणपत्रावर विसंबावे लागते. संगणकावरील प्रोग्राममध्ये पासवर्ड टाकून उघडणाऱ्या, सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या तीन नामांकित कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये २०१० च्या सुमारास असा दोष उघड झाला होता, की पासवर्ड कोणताही असो, ड्राइव्ह उघडण्यासाठी आत नेहमी एकच ठरलेला संकेत पाठवला जात असे. तो संकेत थेट पाठवला, की पासवर्डाविना ड्राइव्ह उघडत असे. आणखी एक गोष्ट म्हणजे, अशा अनेक ड्राइव्हमध्ये सलग दहा वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यास मजकूर कायमचा नष्ट होतो. चोरापासून संरक्षण म्हणून ते उत्तमच आहे. घरातील लहान मुलाच्या हाती ड्राइव्ह लागला तरीही तेच घडते.

यावरूनच माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चौकस यांनी परक्याच्या हाती फायली पडण्याची काळजी घेतली आहे, पण स्वतःच्या हातून त्या जाण्याची नाही. आणि माझ्या अनुभवात हे दुसरे संकट अधिक वेळा येते. पेनड्राइव्ह बंद पडण्यापूर्वी बहुधा कोणतीही सूचना देत नाही. फ्लॅश चिपमध्ये मजकूर विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो भार काळाच्या ओघात हळूहळू कमी होतो, म्हणून कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. एन्क्रिप्शनमुळे हा धोका वाढतो: साध्या ड्राइव्हचा काही भाग खराब झाला तर उरलेल्या फायली वाचवता येतात, परंतु कंटेनरच्या सुरुवातीला असलेला हेडर, म्हणजे तो उघडण्यासाठी लागणाऱ्या माहितीचा भाग, खराब झाला, तर पासवर्ड अचूक असूनही काहीच उघडत नाही. व्हेराक्रिप्ट हेडरची एक प्रत कंटेनरच्या शेवटी ठेवतो, आणि ती वेगळ्या फाइलमध्ये काढून घेण्याचीही सोय देतो. ती अवश्य काढावी.

कंटेनरच्या किमान दोन प्रती असाव्यात, त्यांतील एक घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी. कंटेनर आधीच एन्क्रिप्ट केलेला असल्याने त्याची प्रत जशीच्या तशी घेतली तरी चालते. मात्र बॅकअपसाठी फायली बाहेर काढून उघड्या स्वरूपात दुसऱ्या डिस्कवर टाकू नयेत, नाहीतर साऱ्या खटाटोपाला अर्थ राहणार नाही. इथे एक बारीक अडचण आहे, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आतील फायली बदलल्या तरी कंटेनर फाइलची तारीख बदलू नये, अशी व्हेराक्रिप्टची मूळ मांडणी असते. तारीख पाहून बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला त्यामुळे कंटेनर बदललाच नाही असे वाटते, आणि तो जुनीच प्रत सांभाळत बसतो. व्हेराक्रिप्टच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन तारीख जतन करण्याच्या पर्यायावरील खूण काढून टाकावी. काम संपल्यावर आधी कंटेनर अनमाउंट, म्हणजे बंद, करावा, मग विंडोजच्या सूचनेनुसार ड्राइव्ह काढावा. लेखन चालू असताना ड्राइव्ह ओढून काढल्यास, विशेषतः एक्सफॅटवर, पूर्ण कंटेनर बिघडू शकतो.

पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटात, घरच्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावा. ही कागदपत्रे सर्व कुटुंबाची आहेत. आपल्या आजारपणात ती इतर कोणालाच उघडता आली नाहीत, तर ती सुरक्षित आहेत असे म्हणता येणार नाही.

चौकस

तारखेच्या पर्यायाविषयी मला कधीच कळले नसते; फार आभारी आहे. पाकिटाची सूचनाही अमलात आणतो. त्यावरूनच शेवटचे विचारतो: हे पाकीट कधी परक्याच्या नजरेस पडले अशी शंका आली, तर व्हेराक्रिप्टमध्ये पासवर्ड बदलणे पुरेसे होईल का?

कडीकुलूप

पुरेसे होणार नाही, आणि ते का हे समजून घेणे उपयोगाचे आहे. आपल्या पासवर्डने फायली थेट एन्क्रिप्ट होत नाहीत. कंटेनर तयार होताना एक यादृच्छिक मास्टर की निर्माण होते, फायली तिने एन्क्रिप्ट होतात, आणि पासवर्ड केवळ हेडरमध्ये ठेवलेल्या त्या मास्टर कीवर पहारा देतो. तिजोरीची किल्ली एका डबीत ठेवून त्या डबीला दुसरे कुलूप लावावे, तसे हे आहे. पासवर्ड बदलला, की डबीचे कुलूप बदलते, तिजोरीची किल्ली तीच राहते. त्यामुळे जुना पासवर्ड ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती जुन्या हेडरची प्रत लागली, तर त्याला आजच्याही फायली उघडता येतात. अशी प्रत संग्राहक यांनी सुचवलेल्या हेडरच्या फाइलमध्ये असू शकते, घराबाहेर ठेवलेल्या कंटेनरच्या जुन्या प्रतीत असू शकते, किंवा आधी सांगितलेल्या कारणामुळे त्याच पेनड्राइव्हच्या फ्लॅश चिपमध्येही मागे उरलेली असू शकते.

म्हणून पासवर्ड फुटल्याची शंका आली, तर नव्या पासवर्डने नवा कंटेनर तयार करावा, म्हणजे मास्टर कीही नवी होईल. जुना आणि नवा असे दोन्ही कंटेनर एकाच वेळी उघडून फायली एकातून दुसऱ्यात थेट घ्याव्यात, वाटेत लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर उतरवू नयेत. नवा कंटेनर शक्यतो दुसऱ्या पेनड्राइव्हवर करावा. नव्या कंटेनरच्या दोन प्रती तयार झाल्या आणि त्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, की मगच जुन्या प्रती आणि त्यांच्या हेडरच्या फायली काढून टाकाव्यात आणि जुना पेनड्राइव्ह चिपसकट फोडून टाकावा.